गोणपाट आणि जांभूळ

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सव्वासातला मिलिंद वारला. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला तेव्हा मी शहापुरातल्या माझ्या घरी चहा गाळत होतो. ती म्हणाली, "भाऊजी, गेले." मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि डोळखांब रस्त्यावरच्या त्याच्या गावी गेलो. त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. हे लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. मिलिंदबद्दल चांगलं लिहिणं अवघड नाही, तो चांगलाच होता. पण त्याच्या शेवटच्या वर्षात माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं मला जमेना.

आम्ही शहापूरच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. त्याचे वडील कसारा घाटात रेल्वेमार्गाची देखभाल करणाऱ्या टोळीत होते. मी वाचणारा, म्हणून त्याने माझं नाव पुस्तक्या ठेवलं, आणि दिनकर हे माझं नाव त्याच्या तोंडून नंतर कधी ऐकल्याचं आठवत नाही. नववीत असताना प्रयोगशाळेतल्या दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या. सरांनी बूच काढायच्या आधीच तो मागच्या रांगेतून म्हणाला, "सर, ती नाय, शेजारची." सरांना वाटलं, चिठ्ठ्या यानेच बदलल्या. त्याला दोन छड्या बसल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "कळलं म्हंजे काय? वास येत होता. तुमाला नाय येत?" आम्हाला येत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं असावं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन तो घाटापलीकडच्या एका वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. आटगावहून लोकलने कसारा, आणि कसाऱ्याहून जीप. पहिली दोन वर्षं ग्लास धुणं हेच मुख्य काम. एकदा मालकांनी पाहुण्यांसाठी जुनी बाटली उघडली होती. पाहुण्यांनी वाहवा केली, ग्लास धुवायला आत आले. मिलिंदने त्यातला एक बाजूला ठेवला आणि वरिष्ठांना म्हणाला, "हा धुवायच्या आधी एकदा हुंगा. ही बाटली गेलेली आहे." ती खरंच बिघडलेली निघाली. त्यानंतर त्याने ग्लास धुतले नाहीत.

जुन्या रेड वाइनची पारख हे त्याचं काम झालं. कारखाना दर वर्षीच्या चांगल्या वाइनच्या काही बाटल्या तळघरात आडव्या ठेवून देतो. आठ, दहा, बारा वर्षांनी त्यातली एक उघडायची आणि बाकीच्यांचं काय करायचं ते ठरवायचं. मिलिंदच्या भाषेत निकाल तीनच: ठेवा, विका, ओता. बाटली आदल्या दिवशी उभी करायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, ते हळू काढायचं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघायचा, विटकरी झालाय का. मग वास. जुनी वाइन ग्लासात फार वेळ थांबत नाही, पाच-सात मिनिटांत उडून जाते, म्हणून जे काय कळायचं ते तेवढ्यात कळलं पाहिजे. शेवटी घोट तोंडात घ्यायचा, दातांतून हवा आत ओढायची, ओठ हलवत तो सगळीकडे फिरवायचा आणि स्टीलच्या डब्यात थुंकायचा. यातली अडचण त्याने मला पहिल्या वर्षीच सांगितली होती: बाटली कशी आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की ती संपली. म्हणून एका बाटलीवरून शेकडोंचा निकाल. सगळा भार एका माणसाच्या नाकावर.

त्याने आयुष्यात वाइनचा एकही घोट गिळला नाही. घर बौद्ध, आई पौर्णिमेची वंदना कधी चुकवायची नाही. पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं, ते म्हणताना ती डोळे उघडून मुलाकडे बघायची. वंदना संपली की मग सुरू. "शील तोंडात मोडतंय का पोटात गेल्यावर, सांग मला," ती विचारायची. तो म्हणायचा, "आये, पोटात गेल्यावर." "आणि जिभेवर राह्यलं त्याचं?" "त्याचा पगार मिळतो." म्हातारी हसू दाबत आत जायची. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की दोघांच्याही तोंडचं मला पाठ आहे.

माझा त्याच्या कामाशी संबंध आला तो शब्दांमुळे. मी मुरबाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कारखान्याला अहवाल इंग्रजीत लागे. त्या धंद्यातले ठरलेले इंग्रजी शब्द त्याला येत होते, पण ते त्याने कधी न खाल्लेल्या फळांचे होते. "इंग्रजीत मला वास येत नाय रे पुस्तक्या," तो म्हणायचा. म्हणून आठवडाभर तो पेन्सिलीने कच्च्या वहीत काहीबाही खरडायचा, आणि रविवारी सकाळी त्याच्या ओटीवर बसून आम्ही ते नीट मराठीत उतरवायचो. पक्की वही माझ्या अक्षरात. तिच्यावरून मग इंग्रजी. पिकून खाली पडलेलं जांभूळ. करवंदाचा चीक. उन्हात तापलेलं कौल. जुनी होत गेली की फळ मागे सरतं आणि सागाची वाळलेली पानं पुढे येतात, हे वाक्य त्याचं. शब्द नेमका सापडला की तो मांडीवर थाप मारायचा. अकरा वर्षं आम्ही हे केलं. माझ्या आयुष्यात एवढ्या आनंदाचं दुसरं काम मी केलेलं नाही.

त्याने मला शिकवलेला एक नियम इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बुचात कधी कधी एक दोष असतो. त्याने वाइनला ओल्या गोणपाटाचा वास येतो, पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणीसारखा. हा वास आला की फळ मरतं. जांभूळ नाही, करवंद नाही, काही उरत नाही. "गोणपाट आणि जांभूळ एका ग्लासात नसतात," तो म्हणाला होता. "एक आलं का दुसरं गेलं."

मागच्या होळीनंतरच्या रविवारी त्याच्या कच्च्या वहीत मी वाचलं: ओलं गोणपाट. आणि खाली: जांभूळ शाबूत, गोड. मी पेन थांबवलं. विचारलं, "दोन्ही?" तो अंगणाकडे बघत म्हणाला, "दोन्ही होतं. असू दे रे." मी म्हणालो, "असं कसं लिहायचं? तूच म्हणतोस, दोन्ही एकत्र नसतं. वाचणारा गोंधळेल." तो म्हणाला, "मंग तू म्हणशील तसं." मी पक्क्या वहीत लिहिलं: ओलं गोणपाट. निकाल: ओता. वाक्य सुटसुटीत झालं. माझं समाधान झालं.

त्यानंतर गोणपाट वारंवार येऊ लागलं. दोन बाटल्यांआड एक, मग जवळजवळ प्रत्येक बाटलीत. कच्च्या वहीत बहुतेक वेळा खाली जांभूळ असायचं, करवंद असायचं. मी ते गाळत गेलो. आता मी विचारतही नव्हतो, आणि तोही काही म्हणत नव्हता. कारखान्यात मात्र घबराट झाली. बुचं पुरवणारा बदलला, तळघर धुऊन काढलं, लाकडी पिंपं तपासली. मेधा नावाची तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिला मिलिंदनेच तयार केलं होतं. ती म्हणाली होती, "दादा, मला हा वास येत नाही." तो म्हणाला, "येईल. टाइम लागतो." आजवर असंच होत आलं होतं. त्याला आधी यायचा, बाकीच्यांना नंतर. म्हणून तिनेही दोष दिला तो स्वतःच्या नाकाला.

मे महिन्यात त्याला तो वास घरच्या विहिरीच्या पाण्याला येऊ लागला. विहीर उपसली. आत गाळाशिवाय काही नव्हतं, पण सुनंदा म्हणाली, "यांना येतोय म्हणजे काहीतरी असणार." मग मधल्या खोलीच्या फरशीखालून वास येतो म्हणाला. गवंडी बोलावून तीन फरश्या उचलल्या. खाली माती ओलसर निघाली. कुठल्याही घराच्या फरशीखाली ती तशीच निघाली असती, पण आम्हा सगळ्यांना केवढा आधार वाटला... मिलिंदचं नाक चुकत नाही. सगळी खोली उखडली, पुन्हा बसवली. आठ दिवसांनी तो दारात उभा राहून म्हणाला, "अजून हाय."

जुलैत तो मुरबाडला माझ्या ग्रंथालयात आला. उंबऱ्यातच थांबला. "पुस्तक्या, तुझी पुस्तकं भिजलीत." मी आणि शिपायाने मागची चार कपाटं रिकामी केली, एकेक पुस्तक पंख्याखाली उघडून ठेवलं. एकही पान ओलं नव्हतं. संध्याकाळी मी त्याला फोन करून सांगितलं की छताला बारीक ओल सापडली. सापडली नव्हती. त्याला खोटं ठरवायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसू लागली. बोलता बोलता तो थांबायचा. नजर एका जागी लागायची आणि ओठ हलायचे, हळूहळू, चघळल्यासारखे, अर्धा-एक मिनिट. मग विचारायचा, "काय म्हणत होतो मी?" मी हे ओटीवर पाहिलं, सुनंदाने जेवताना पाहिलं, मेधाने कारखान्यात पाहिलं. आमच्यापैकी एकालाही काही वाटलं नाही. वीस-पंचवीस वर्षं आम्ही त्याला असंच ओठ हलवताना पाहत आलो होतो. कुठल्या तरी बाटलीची चव आठवत असेल, असं समजून आम्ही गप्प बसायचो. त्याच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

सप्टेंबरमध्ये कारखान्याने त्याच्या निकालावरून बारा वर्षांपूर्वीच्या वाइनचा मोठा साठा ओतून टाकला. ती सगळ्यात चांगल्या वर्षाची होती. शंभरेक बाटल्या तेवढ्या मेधाने कुणाला न विचारता मागे ठेवल्या. ओतताना मिलिंद तिथे उभा होता. नाली लाल वाहत होती आणि कामगार म्हणत होते, काय घमघमाट सुटलाय. रविवारी तो मला म्हणाला, "त्यांना घमघमाट येत होता रे. मला गोणपाट." "सगळं एकाच वासाचं झालंय," तो म्हणाला. "आईच्या लुगड्यालासुदा तोच." मी वही मिटली. मला वाटलं, साठा गेला म्हणून खचला आहे. मी त्याला सुट्टी घ्यायला सांगितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी नव्या भाताचं पहिलं जेवण होतं. त्याने ताट पुढे सारलं, ओठ हलू लागले, आणि या वेळी ते थांबले नाहीत. तो तसाच कलंडला आणि त्याचं अख्खं अंग झटके देऊ लागलं. शहापूरहून त्याला ठाण्याला हलवलं. एमआरआयमध्ये उजव्या कानाच्या वर, मेंदूत, लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टर बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, "नसलेला वास येणं हे याचं लक्षण असतं. ओठ चघळणं हेही. ते लहान लहान झटकेच असतात. किती दिवसांपासून होतं हे?" सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तारखा माझ्या वहीत होत्या. मी म्हणालो, "दोन-तीन महिने." होळीपासून आठ महिने झाले होते. मला ते माहीत होतं, तोंडावर आलं होतं. सुनंदा शेजारी उभी होती आणि मी दोन-तीन म्हणालो.

शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली नाही. गोणपाट गेलं, आणि त्याच्याबरोबर सगळेच वास गेले. डिसेंबरमध्ये तो घरी होता, डोक्याला पांढरी टोपी, आवाज बारीक. मला म्हणाला, "वही वाच." मी रोज दुपारी जाऊन पक्की वही वाचायचो. जुन्या नोंदी ऐकताना तो डोळे मिटून मान हलवायचा, एखाद्या शब्दाला बोटाने चादरीवर थाप मारायचा. एके दिवशी वाचता वाचता मी होळीनंतरच्या पानावर आलो. ओलं गोणपाट. निकाल: ओता. त्याने डोळे उघडले. "यात जांभूळ होतं ना?" मी पानावरच बघत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं, "पुस्तक्या, जांभूळ होतं ना यात?" मी पान उलटलं आणि पुढची नोंद वाचायला लागलो. त्यानंतर त्याने विचारलं नाही. तीन आठवड्यांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदनेनंतर मंडळी जेवत असताना कुणीतरी नातेवाईक म्हणाला, एवढी वर्षं दारूत काढली, ती डोक्यात गेली असणार. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "थुकायचा रं तो. मी जाऊन बघितलंय कारखान्यात. डबा भरला व्हता थुकून. पोरानं एक थेंब गिळला नाय, आणि तू जेवतोस कुनाच्या घरी बसून?" नातेवाईक ताटावर वाकला. मला म्हातारीच्या समोर बसवेना. तिच्या मुलाची एक गोष्ट खरी होती आणि तिने ती भर पंगतीत सांगितली. माझ्याकडे त्याची दुसरी खरी गोष्ट होती, ती मी दडवून बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात मेधा घाट उतरून माझ्याकडे आली. ती म्हणाली, "काका, दादांनी गेल्या सात वर्षांत नाकारलेल्या काही बाटल्या अजून न ओतता आमच्याकडे पडून आहेत. काहींना खरंच बुचाचा दोष आहे, काहींना नाही. सगळ्या उघडून बघता येत नाहीत, उघडल्या की संपल्या. मालक म्हणतात, शेवटच्या दोन वर्षांतले त्यांचे सगळेच निकाल रद्द धरा." मी म्हणालो, दोन वर्षांतले कशाला? ती म्हणाली, "कारण कुठून बिघडलं ते कुणालाच माहीत नाही. वह्या तुमच्याकडे आहेत. तुम्ही एक रेघ मारून द्या. रेघेच्या आधीचा त्यांचा शब्द आम्ही राखू."

ती गेल्यावर मी कच्ची आणि पक्की वही शेजारी शेजारी ठेवून बसलो. सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. होळीच्या आधी जिथे जिथे गोणपाट आहे तिथे खाली फळाचा शब्द नाही. फळ मेलेलं, हा दोष खरा. होळीपासून पुढे मात्र गोणपाटाखाली जांभूळ जिवंत आहे. त्याच्या मेंदूत काहीतरी रोज खोटा वास पेरत होतं, आणि तरीही त्याचं नाक, त्याची पेन्सिल, जे ग्लासात खरोखर होतं ते लिहीतच राहिली होती. तो शेवटपर्यंत चुकला नव्हता. ग्लासात जांभूळ होतं आणि त्याने जांभूळ लिहिलं होतं. ते वाचून कुणीही म्हणालं असतं, हे दोन एकत्र नसतात, माणसाला डॉक्टरकडे न्या. मेधा तर नक्कीच म्हणाली असती. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, कारण मी वाक्य नीट करत होतो.

रेघ होळीवर मारायची म्हणजे मला ती तारीख कधीपासून ठाऊक होती हे उघड होणार. ऑगस्टवर मारली असती तर डॉक्टरांना सांगितलेलं जुळलं असतं आणि कुणी विचारलं नसतं. पण मग होळी ते ऑगस्टमधल्या चांगल्या बाटल्या दोषी म्हणून पडून राहिल्या असत्या, त्याच्या नावावर. मी दोन दिवस ती वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही वह्या घेऊन सुनंदाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. गाळलेले शब्द, दोन-तीन महिने, उलटलेलं पान. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आठ महिने आधी कळलं असतं, तर वाचले असते का?" मी म्हणालो, डॉक्टर बाईंना मी नंतर फोन केला होता. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, थोडा काळ कदाचित मिळाला असता. ती म्हणाली, "थोडा म्हणजे किती?" मी कच्ची वही तिच्यापुढे सरकवली. "विहीर मी उपसायला लावली," ती म्हणाली. "पण मला तुमी निदान खरं सांगायचं होतं, भाऊजी. दवाखान्यात. मी तिथंच होते." मी उठलो तेव्हा तिने थांबा म्हटलं नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी मी तिला पाठवला. तिने निरोप पाठवला, छापा.

रेघ होळीवर मारली आहे. तिच्या आधीचे मिलिंदचे सगळे निकाल कारखान्याने कायम ठेवले. तिच्या नंतर नाकारलेल्या बाटल्यांपैकी एकीचं बूच मेधाने गेल्या आठवड्यात काढलं. फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, "काका, जांभूळ आहे."

आता मी रेघेनंतरच्या नोंदी कच्च्या वहीवरून पुन्हा लिहितो आहे, त्याने लिहिल्या तशा, एकही शब्द न गाळता. एकूण एकतीस आहेत. एकोणीस झाल्या. बारा राहिल्या आहेत.